खड्ड्यात गाडी आदळली की इंजिन बंद पडते : इग्निशन स्विच बदलावा का?

साखरपा_प्रवासी :

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आणि किल्लीने सुरू होणारी हॅचबॅक आहे. ती मी पहिल्या मालकाकडून घेतली असून आता तिचे एक लाखाहून अधिक किलोमीटर झाले आहेत. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर माझे नेहमीचे जाणे-येणे आहे. या पावसाळ्यात आंबा घाटात एका खड्ड्यात चाक आदळताच इंजिन एकाएकी बंद पडले, मीटरवरचे सगळे दिवे विझले आणि स्टिअरिंग जड झाले. मात्र रेडिओ चालूच होता आणि ब्लोअरची हवाही येत होती. किल्ली थोडी हलवल्यावर मीटर पुन्हा उजळला आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर असे अनेकदा झाले आहे आणि पाऊस व धुके असताना हा त्रास अधिक जाणवतो. शिवाय कधी कधी सेल्फ मारल्यावर इंजिन पकड घेते, पण किल्ली सोडली की लगेच बंद होते.

एका मेकॅनिकने बॅटरी बदलून दिली, तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याच्या मते पेट्रोलच्या टाकीतला पंप गेला आहे. तिसरा सांगतो की दमटपणामुळे असे होते आणि स्टिअरिंगचे कुलूप, दरवाज्यांची कुलुपे व किल्ल्या असा संपूर्ण संच बदलून त्याचे कोडिंग करावे लागेल, ज्याचा खर्च बराच मोठा आहे. घरातली लहान मुले आणि वयस्कर आई याच गाडीने प्रवास करतात. त्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा दोष नेमका कोठे आहे हे खात्रीने कसे ठरवावे, याचे मार्गदर्शन मिळाले तर फार बरे होईल. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो.

वायरमन_सांगली :

आपण लिहिलेल्या वर्णनातच निम्मे निदान झाले आहे. इंजिन बंद पडते त्या क्षणी गाडीत काय विझले आणि काय चालू राहिले हे जो पाहून ठेवतो, त्याला सहसा चुकीचा भाग बदलावा लागत नाही.

पेट्रोल पंप किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे ओळखणारा भाग) दगा देतो तेव्हा इंजिन थांबते, परंतु मीटर जिवंत राहतो, उलट बॅटरीचा आणि ऑइलचा असे तांबडे दिवे लागतात, कारण किल्ली ‘ऑन’वर असून प्रवाह पोहोचत असतो. बॅटरीचे टर्मिनल किंवा मुख्य फ्यूज सैल असेल तर मीटरबरोबर रेडिओ, हॉर्न, छताचा दिवा असे सगळेच जाते. आपल्याकडे यांपैकी काहीच झालेले नाही. मीटर, इंजिन आणि विजेवर चालणारे स्टिअरिंग गेले, पण रेडिओ आणि ब्लोअर चालू राहिले. इग्निशन स्विचमध्ये बॅटरीकडून आलेला प्रवाह वेगवेगळ्या कॉन्टॅक्टवर वाटला जातो. या कॉन्टॅक्टना एसीसी, आयजी-१ आणि आयजी-२ अशी नावे आहेत. रेडिओ एसीसीवर (किल्लीची ‘ऑन’च्या आधीची स्थिती) असतो, ब्लोअर व वायपर बऱ्याच गाड्यांत आयजी-२ वर असतात, आणि इंजिनाची यंत्रणा व मीटर आयजी-१ वर असतात. म्हणजे आपल्या गाडीत एकटा आयजी-१ तुटतो आहे. फ्यूज उडाला असता तर किल्ली हलवून तो परत आला नसता.

किल्ली सोडल्यावर इंजिन बंद होणे हेही याच दिशेने जाते. ‘स्टार्ट’ स्थितीत कॉन्टॅक्टची पट्टी पुढे सरकलेली असते आणि आयजी-१ ला प्रवाह वेगळ्या जागी टेकून मिळतो. किल्ली ‘ऑन’वर परतली की पट्टी तिच्या रोजच्या, झिजलेल्या जागेवर येते आणि तेथे ती नीट टेकत नाही. एक शंका मात्र दूर करावी. इम्मोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्लीतली चिप ओळखली नाही तरी इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, पण तेव्हा मीटरवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. तो दिवा लुकलुकतो का, हे पाहावे.

आता मापन. मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजण्याच्या स्थितीत) ठेवून स्विचची तपासणी करू नये, तिच्यातून काही निष्पन्न होत नाही. मल्टिमीटर त्या वेळी अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो आणि जळलेल्या कॉन्टॅक्टचा एखादा कणभर भाग टेकला असला तरी तो ‘ठीक आहे’ असेच दाखवतो. स्विचवर खरोखरचा भार असतानाच मापन करावे. स्टिअरिंगखालचे झाकण काढावे, स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) जोडलेलाच ठेवावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावावा आणि कपलरच्या मागच्या बाजूने, जेथून वायर आत शिरते तेथून, एक प्रोब बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरच्या पिनेला आणि दुसरा आयजी-१ च्या पिनेला टेकवावा. इंजिन चालू असताना या दोन पिनांमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी फरक असेल तर कॉन्टॅक्ट निरोगी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर स्विच बदलण्याजोगा झाला. हेच मापन आयजी-२ वर ब्लोअर पूर्ण वेगाने लावून करावे. मग एकेक उपकरण चालू-बंद करून आकडा कसा बदलतो हे लिहून काढावे. मापनाच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली आणि मोकळ्या हवेत असावी. प्रोबची टोके एकमेकांना किंवा जवळच्या धातूला लागू देऊ नयेत, कारण त्या जाड वायरीवर किल्ली बंद असतानाही प्रवाह असतो.

जुनी_गाडी :

वायरमन यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. काम होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे, विशेषतः घरची मंडळी बरोबर असताना. आयजी-१ तुटलेला असतो त्या क्षणी केवळ इंजिन जात नाही. एअरबॅगचे नियंत्रणही किल्लीच्याच प्रवाहावर चालते आणि नेमक्या तेव्हाच धडक झाली तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा राहत नाही.

तरीही वाटेत असे घडलेच तर किल्ली कोणत्याही परिस्थितीत ‘लॉक’पर्यंत मागे फिरवू नये, कारण काही गाड्यांत चालत्या अवस्थेतही स्टिअरिंग अडकू शकते. गाडी गिअरमध्येच राहू द्यावी आणि क्लच दाबू नये. चाके इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे उतारावर वेग आवरतो आणि ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळीही तयार होत राहते. ब्रेक एकदा दाबून धरावा, पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये, नाहीतर साठलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. चारही इंडिकेटर एकदम लावायचे बटण थेट बॅटरीवर असते, ते लगेच दाबावे.

साखरपा_प्रवासी :

दोघांचेही मनापासून आभार. गाडी दारातच उभी ठेवली आहे आणि सांगितल्याप्रमाणे मापन केले आहे. बॅटरी बंद स्थितीत १२.५ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरते आणि इंजिन चालू असताना १४.१ असते. इम्मोबिलायझरचा दिवा लुकलुकत नाही.

आयजी-२ वर ब्लोअर पूर्ण वेगाने असताना फरक ०.२ व्होल्ट आहे. आयजी-१ वर इंजिन नुसते चालू असताना तो ०.४ च्या आसपास राहतो. हेडलाइट लावले, मागच्या काचेचा हीटर लावला, तरी या आकड्यात काही बदल झाला नाही. परंतु पुढचे फॉग लॅम्प लावताच तो १.४ वर गेला. त्या अवस्थेत किल्लीला बोटाने हलका धक्का दिला तेव्हा आकडा क्षणभर तीनच्या पुढे उडाला, मीटरवरचे दिवे थरथरले आणि इंजिन अडखळले. फॉग लॅम्प पहिल्या मालकाने बाहेरून बसवून घेतले होते आणि धुके असल्याने पावसाळ्यात घाटात ते मी नेहमी लावतो. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

वायरमन_सांगली :

संबंध आहे, आणि तोच या दोषाचा उगम आहे. फॉग लॅम्प लावल्यावर आयजी-१ च्या कॉन्टॅक्टवरचा फरक वाढतो, याचा अर्थ त्या दिव्यांचा सगळा प्रवाह त्याच कॉन्टॅक्टमधून जातो आहे. हेडलाइट लावल्याने आकडा हलला नाही, कारण त्यांची वाट वेगळी आहे. बाहेरच्या दिव्यांसाठी रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) न टाकता कोणीतरी स्टिअरिंगखाली आयजी-१ ची वायर सोलून तिच्यावरच जोड दिलेला असणार.

फॉग लॅम्पचे बल्ब बहुधा ५५ वॅटचे असतात. दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, म्हणजेच साधारण ८ ते ९ अँपिअर. इंजिनाचा आणि मीटरचा भार त्यात मिळवला की कॉन्टॅक्टवर बारा अँपिअरच्या आसपास येतात. बारा अँपिअर प्रवाह १.४ व्होल्ट गमावून जात असेल तर त्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टवर सतरा वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लॅस्टिकच्या बंद डबीत. अशा उष्णतेने कॉन्टॅक्टखालची स्प्रिंग नरम पडते, दाब कमी होतो, दाब कमी झाला की ठिणगी पडते आणि ठिणगीने तांबे खड्डे पडून काळे होते. नुसत्या १.४ व्होल्टच्या तुटीने इंजिन बंद पडत नाही, त्याला तेवढ्यावर भागवता येते. नरम पडलेली स्प्रिंग खड्ड्याच्या हादऱ्याने क्षणभर उचलली जाते आणि तेव्हा इंजिन बंद पडते. धुक्यात त्रास अधिक होण्याचे कारण दमटपणा नव्हे, धुक्यात आपण हे दिवे लावता हे आहे.

तेव्हा स्विच बदलावाच लागेल, पण तो जोड तसाच ठेवून नवा स्विच बसवला तर तोही याच मार्गाने जाईल. कुलूप, दरवाजे आणि किल्ल्या यांना हात लावण्याची गरज नाही. किल्ली ज्यात शिरते ते धातूचे कुलूप वेगळे असते आणि त्याच्या मागच्या टोकाला बसलेला विजेचा स्विच वेगळा असतो. आपल्या किल्लीची चिप कुलपाभोवतीच्या कड्याशी बोलते, या स्विचशी तिचा काही संबंध नाही, म्हणून फक्त हा स्विच बदलल्यास कोडिंग करावे लागत नाही. जुना स्विच हातात घेऊन, त्याच्यावरचा क्रमांक आणि पिनांची संख्या जुळवून नवा घ्यावा, आणि तो मूळ कंपनीचाच घ्यावा. दिसायला सारख्या असणाऱ्या स्वस्त स्विचमधले कॉन्टॅक्ट पातळ असतात.

जुनी_गाडी :

बदलण्याचे काम घरी करता येण्यासारखे आहे, पण स्टिअरिंगजवळ एअरबॅगची वायर असते, त्यामुळे घाई करू नये. प्रथम चाके सरळ ठेवून किल्ली काढावी, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला विद्युतभार ओसरायला हा वेळ लागतो. पुस्तिका हाताशी नसेल तर पाच मिनिटे तरी थांबावे. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळ्या आवरणातली वायर दिसेल, तिला अजिबात हात लावू नये आणि तिच्यावर टेस्ट लॅम्पही लावू नये.

स्टिअरिंग कॉलमच्या झाकणाचे स्क्रू खालून असतात. काही गाड्यांत दोन स्क्रू स्टिअरिंगच्या चाकाआड दडलेले असतात आणि चाक थोडे एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर दिसतात. त्यासाठी किल्ली लावून स्टिअरिंगचे कुलूप सोडावे लागते, बॅटरी मात्र सुटलेलीच राहू द्यावी. झाकणाचे दोन भाग खाचांत अडकलेले असतात, ते स्क्रूड्रायव्हरने न उपसता अंगठ्याने कडेने दाबत सोडवावेत. किल्लीच्या भोकाभोवती इम्मोबिलायझरचे कडे असते आणि त्याची वायर केसासारखी बारीक असते, ती ताणली जाणार नाही हे पाहावे.

स्विच बहुतेक गाड्यांत एक किंवा दोन लहान स्क्रूंनी कुलपाच्या मागे बसवलेला असतो. तेथे हात पोहोचणे अवघड असते, म्हणून आखूड दांड्याचा आणि टोक चांगले असलेला स्क्रूड्रायव्हर घ्यावा, कारण त्या स्क्रूंची खाच बिघडली तर काम फार वाढते. कुलूप कॉलमला ज्या बोल्टांनी धरलेले असते त्यांची डोकी कारखान्यातच तोडलेली असतात. ते सोडवण्याच्या भानगडीत पडू नये, आपल्या कामात त्यांची गरजच नाही. स्विच काढण्यापूर्वी किल्ली कोणत्या स्थितीत आहे हे लक्षात ठेवावे आणि त्याच स्थितीत नवा बसवावा. कुलपातून आलेली पट्टी नव्या स्विचच्या खाचेत सहज बसली पाहिजे. बसत नसेल तर खाच अलगद फिरवून जुळवावी, स्क्रू आवळून जबरदस्तीने बसवू नये.

कपलरची आतली बाजू उजेडात नीट पाहावी. आयजी-१ किंवा बॅटरीची पिन तपकिरी पडली असेल, तिच्या भोवतीचे प्लॅस्टिक फुगले असेल, तर ती पिन आणि वायरीचे तोंड नवे घालावे. जुनी, उष्णतेने सैल झालेली पिन नव्या स्विचच्या पात्याला नीट धरत नाही आणि पुन्हा तापू लागते.

झाकण लावण्यापूर्वी बॅटरी जोडून प्रत्येक स्थिती तपासावी. एसीसीवर रेडिओ, ‘ऑन’वर मीटरचे सगळे दिवे, एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझणे, ‘स्टार्ट’वर सेल्फ, आणि किल्ली सोडताच ती आपोआप मागे येणे हे सारे घडले पाहिजे. किल्ली मागे येत नसेल तर तशी गाडी चालवू नये, सेल्फ इंजिनाला अडकून राहिला तर तो जळतो.

मिशिगनवासी :

मी मूळचा कोल्हापूरचा असून आता डेट्रॉइटजवळ राहतो. इग्निशन स्विचविषयी येथे २०१४ साली जे घडले ते या प्रश्नाशी जोडून सांगावेसे वाटते. जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि इतर काही मॉडेलच्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्विचमधले कॉन्टॅक्ट जळत नव्हते, ‘ऑन’ स्थितीत किल्लीला रोखून धरणारा खटका कमकुवत होता. खड्डा लागला, गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा लटकलेला असला की किल्ली ‘ऑन’वरून एसीसीवर घसरे, इंजिन थांबे आणि एअरबॅग उघडत नसे. कंपनीने नेमलेल्या भरपाई योजनेत १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले असल्याचे मान्य झाले आणि २०१५ साली कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर भरले. २००६ साली त्या स्विचचा खटका सुधारण्यात आला होता, पण सुट्या भागाचा क्रमांक मात्र तोच ठेवला गेला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे शोधणे पुढे फार कठीण झाले.

आपल्या गाडीत मापनावरून दोष कॉन्टॅक्टचाच दिसतो, तरीही झाकण उघडलेलेच आहे तर खटकाही तपासून घ्यावा. किल्ली ‘ऑन’वरून एसीसीवर आणताना स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे आणि खटक्याचा आवाज यायला हवा. बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती घसरत असेल तर नुसता विजेचा स्विच बदलून भागेल की कुलूपही पाहावे लागेल, हे आपल्या गाडीत खटका कोठे आहे त्यावर ठरेल. परत बोलावलेल्या गाड्यांच्या मालकांना दुरुस्ती होईपर्यंत किल्लीवरून बाकी सगळे काढून एकटी किल्ली वापरायला सांगितले होते. ते पथ्य आपणही आजपासून पाळावे.

साखरपा_प्रवासी :

काम झाले. झाकण उघडल्यावर आयजी-१ च्या वायरीवर खरोखरच सोललेला भाग दिसला, त्याला एक लाल वायर पिळून काळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता. तीच वायर फॉग लॅम्पच्या बटणाकडे जात होती. आयजी-१ ची पिन एका बाजूने तपकिरी झाली होती, ती बाजारातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवी घालून घेतली. जुना स्विच उघडून पाहिला. इतर कॉन्टॅक्ट तांब्याच्या रंगाचे होते, आयजी-१ चा मात्र काळा, मधोमध खोलगट झालेला आणि ज्या प्लॅस्टिकमध्ये तो बसतो ते एका कडेला खचलेले होते, त्यामुळे पट्टी तिरकी टेकत होती. आतले ग्रीस वाळून कोळशाच्या भुकटीसारखे झाले होते. खटका व्यवस्थित आहे, किल्ली आता एकटीच ठेवली आहे.

नवा स्विच बसवल्यावर आयजी-१ वरचा फरक ०.१ व्होल्टच्या आत आहे आणि किल्ली कितीही हलवली तरी तो बदलत नाही. फॉग लॅम्पची वायर सध्या पूर्ण काढून टाकली आहे. परंतु आंबा घाटातल्या धुक्यात ते दिवे मला हवेच आहेत. ते नीट कसे जोडावेत?

वायरमन_सांगली :

आकडे उत्तम आले आहेत. फॉग लॅम्पसाठी चार पिनांचा साधा १२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा रिले घ्यावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज घालून, रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला जोडावी, आणि ८७ वरून दिव्यांकडे न्यावी. ही वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी. ८५ क्रमांकाची पिन बॉडीला, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टवर अर्थ करावी. ८६ ला डॅशबोर्डवरच्या बटणातून येणारी बारीक वायर जोडावी, आणि त्या बटणाला प्रवाह पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून द्यावा, आयजी-१ वरून नव्हे. रिलेच्या गुंडाळीला अँपिअरचा पाचवा भागही लागत नाही, त्यामुळे त्या फ्यूजवर ताण येत नाही, आणि पार्किंग लाइट बंद केले की फॉग लॅम्पही बंद होतात, ते चुकून लागलेले राहून बॅटरी उतरत नाही.

आयजी-१ वर जेथे जोड होता तेथे सोललेली वायर उघडी किंवा नुसत्या टेपखाली ठेवू नये. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर क्रिंप करून घालावी आणि वर हीट-श्रिंक नळी चढवावी, कारण टेप स्टिअरिंगखालच्या उष्णतेने पुन्हा सुटते. रिले इंजिनाच्या बाजूला बसवणार असाल तर त्याच्या पिना खालच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे घाटातल्या पावसाचे पाणी त्यात साचणार नाही. दिवे जोडून झाले की ते लावून आयजी-१ वरचा फरक पुन्हा एकदा मोजावा आणि तो आकडा येथे कळवावा. तो दिवे लावण्यापूर्वी होता तेवढाच राहिला तर जोडणी बरोबर झाली असे समजावे.